आत्याच्या वाचनालयाच्या ट्रंका: दिवाळी अंकांची मुखपृष्ठं कापायची की अख्खे अंक ठेवायचे?

नारायणपेठी | ४ जून, रात्री १०:१२

मंडळी, जरा लांबलचक आहे, गोड मानून घ्या.

नारायण पेठेतला आमच्या आत्याचा वाडा अखेर पाडायला दिला. पोटमाळा रिकामा करताना पत्र्याच्या दोन ट्रंका निघाल्या. आतोबा वाड्याच्या दर्शनी खोलीत मासिकांचं वाचनालय चालवायचे. महिन्याची वर्गणी वेगळी, दिवाळी अंकांची वेगळी, आणि उशीर झाला की दंड. टीव्ही आला आणि ते बंद पडलं. उरलेलं रद्दीत गेलं असं आम्ही सगळे समजत होतो. आत्या काही बोलली नव्हती.

मोजून ६३ अंक आहेत. 'दीपावली', 'मौज', 'हंस', 'आवाज', 'किर्लोस्कर', काही सुटे 'स्त्री', तळाशी पाच-सहा 'चांदोबा'. १९४६ पासून १९७२ पर्यंतचे. प्रत्येकावर खाकी कागद चिकटवलेला, वर आतोबांच्या अक्षरात नाव आणि दाखल नंबर. त्यामुळे आधी वाटलं, सगळा एकसारखा मातकट गठ्ठा. मग एका अंकाचा कोपरा फाटलेला दिसला आणि त्यातून एक डोळा आणि अर्धी नथ माझ्याकडे बघत होती. खाकी कागद हळूच ओढला. 'दीपावली', खाली कोपऱ्यात चित्रकार दीनानाथ दलालांची सही. रंग इतका ताजा की बोटाला लागेल असं वाटलं. उजेडच पाहिलेला नाही ना त्यानं इतकी वर्षं.

आता अडचण. ओळखीतून एक गृहस्थ येऊन बघून गेले. हॉटेलांना आणि कॅफेंना जुन्या वस्तू पुरवतात. म्हणाले, "फक्त मुखपृष्ठं द्या, कापून. एकेकाचे आठशे. आतली रद्दी तुमची तुम्हालाच." घरात दोन तट पडले आहेत. आत्या (वय ८६) कुठल्याच तटात नाही, ती नुसती हसते.

तर विचारायचं असं: खाकी कागद बाकीच्यांवरून कसा काढू? कापू की नको? आणि वीसेक अंकांवर तळापासून चार बोटांवर एक तपकिरी रेघ आहे, सगळ्यांवर एकाच उंचीला. ती कसली?

रविवारचाबाजार | ४ जून, रात्री १०:३१

कापू नका. कापू नका. कापू नका. बाकीचं उद्या लिहितो, आत्ता मोबाइलवर आहे.

दीडशहाणा | ४ जून, रात्री १०:४४

६३ गुणिले ८०० म्हणजे ५०,४००. वाड्याचा दर पाहता बिल्डर एवढ्यात एक खिडकीसुद्धा देणार नाही. ठेवा घरात.

ओवी | ५ जून, सकाळी ७:०५

रेघेचं मी सांगते. त्या रेघेच्या अंकांवरची सालं बघा. एकही १९६१ च्या पावसाळ्यानंतरचा नसेल. १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटून आलेला पूर. माझं माहेर शनिवार पेठेतलं, आमच्या घरातल्या पोथ्यांवर अशीच रेघ आहे आणि आई ती बोट लावून दाखवायची. अंक फळीवर उभे लावलेले असणार, पाणी त्या फळीपर्यंत चार बोटं चढलं आणि थांबलं. खालच्या फळ्यांवरचं सगळं गेलं असेल. तुमच्याकडे उरलंय ते वरच्या फळीचं.

नारायणपेठी | ५ जून, सकाळी ९:२०

ओवीताई, आत्ता उठून पाहिलं. २१ अंकांवर रेघ आहे, आणि सगळ्यात अलीकडचा १९६० चा. अंगावर काटा आला. आत्याला विचारलं तर म्हणाली, "खालचं सगळं चिखलाचा लगदा झालं होतं, घमेल्यानं उचललं." एवढंच. मग चहा टाकायला उठली.

रविवारचाबाजार | ५ जून, दुपारी १:१५

आता नीट लिहितो. मी पंचवीस वर्षं बुधवार-रविवार जुन्या बाजारात जातो. घरचे म्हणतात देवळात गेला असतास तर एव्हाना मोक्ष मिळाला असता.

मुखपृष्ठांच्या मागे लागणाऱ्यानं एक गोष्ट पहिली समजून घ्यावी. जुनी मासिकं मिळतात, मुखपृष्ठं मिळत नाहीत. कारण बाइंडर. वाचनालयं आणि हौशी लोक वर्षाचे बारा अंक बांधून घ्यायचे, आणि बाइंडर पहिलं काय करायचा, तर मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं काढून टाकायचा. जाडी कमी होते, शिवण नीट बसते. वर तिन्ही बाजूंनी कटिंग. मी एकदा 'किर्लोस्कर'चे सलग सात वर्षांचे बांधीव खंड उचलले, हमालाला पैसे देऊन घरी आणले, रात्री उघडले. चौऱ्याऐंशी अंक, एक मुखपृष्ठ नाही. शंवाकि (शंकर वासुदेव किर्लोस्कर) स्वतः चित्रकार, मासिकाच्या रूपाचा एवढा विचार करणारा संपादक, आणि त्याच्या मासिकाचं तोंडच कापलेलं.

दिवाळी अंक त्यातल्या त्यात वाचले, कारण ते आकारानं मोठे आणि वर्षातून एकदाच यायचे, म्हणून बांधणीत सहसा जात नसत. तुमच्या आतोबांनी बांधले नाहीत, खाकी कागद लावला. त्या माणसाचे उपकार माना आणि कात्री आत्याच्या डब्यात परत ठेवा.

भिंतवाला | ५ जून, दुपारी ३:४०

मी विरुद्ध पक्षाचा, सांगून टाकतो. माझ्या भिंतीवर चार मुखपृष्ठं आहेत, त्यातलं एक चित्रकार रघुवीर मुळगावकरांचं, कापलेली, फ्रेम केलेली. मला लाज नाही. ट्रंकेत कसर खात पडलेल्या अंकापेक्षा भिंतीवर रोज दहा माणसं बघतात ते चित्र बरं. चित्रकारानं ते बघण्यासाठी काढलं की ट्रंकेसाठी? त्या काळी लोक कॅलेंडरातले देव कापून फ्रेम करायचेच की. मुळगावकरांचे निम्मे देव असेच देवघरात गेले.

टिपकागद | ५ जून, सायंकाळी ६:०२

कागद-जतनाचं काम करते, म्हणून खाकी कागदाच्या प्रश्नावर आधी. नारायणपेठी, आता एकही कागद हातानं ओढू नका. पहिला सुखरूप निघाला हे नशीब.

आधी डिंक कुठला ते बघा. जुन्या अंकांवर बहुतेक कणकेची खळ असेल. ती कोरडी झाली की पिवळट, ठिसूळ, नखानं खरवडली तर भुगा होतो. खळ ओलाव्यानं सुटते. नंतरच्या काळातला पांढरा डिंक असेल तर तो वाळल्यावर प्लॅस्टिकसारखा पारदर्शक आणि चिवट दिसतो. तो पाण्यानं सुटत नाही, तिथं हात लावू नका.

खळ असेल तर साधा टिपकागद पाण्यात भिजवून पूर्ण पिळा, इतका की दाबला तरी थेंब पडणार नाही. तो फक्त चिकटवलेल्या कडेवर ठेवा, वर प्लॅस्टिकचा तुकडा, दहा मिनिटं. मग बोथट सुरीनं, जवळजवळ आडवी धरून, खाकी कागद उचला. मुखपृष्ठ उचलायचं नाही, खाकी उचलायचा. खाली राहिलेली मऊ खळ लगेच खरवडून घ्या आणि अंक दोन कोरड्या टिपकागदांत वजनाखाली रात्रभर ठेवा.

घाई का करायची नाही ते सांगते. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आर्टपेपरवर असतं. त्याच्या वरचा गुळगुळीत थर म्हणजे पांढऱ्या मातीचा लेप, आणि चित्र त्या लेपावर छापलेलं. लेप भिजला की चित्र कागदावरून साय निघावी तसं निघतं. याच कारणानं पुरात भिजून एकमेकांना चिकटलेली आर्टपेपरची पानं सहसा सुटत नाहीत. आतला साधा न्यूजप्रिंट मात्र वाळून सुटा होतो. रेघवाल्या अंकांत अशी चिकटलेली पानं असतील तर तशीच राहू द्या.

आणि वाचनालयाचा जांभळा शिक्का! छपाईची शाई तेलातली, ती पाण्यानं हलत नाही. शिक्क्याची शाई पाण्यातली. शिक्का खाकीवर असेल तर ठीक, मुखपृष्ठावर असेल तर तो कोपरा कोरडाच ठेवा.

खिळेजुळारी | ५ जून, रात्री ९:१८

टिपकागद यांनी लाखातलं सांगितलं. मी छापखान्यात आयुष्य काढलं, खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवण्यापासून सुरुवात, शेवटी ऑफसेट. या मुखपृष्ठांत लोक फक्त बाई बघतात. मला छपाई दिसते.

कापडवाल्यांकडे सुताचे धागे मोजायचं घडीचं भिंग असतं, ते घ्या. गालावर ठेवा. गाल गुलाबी नाही, हे पहिल्यांदा कळेल. पिवळे ठिपके, लाल ठिपके, थोडे निळे, काळे अगदी मोजके. चार रंगांचे चार तांब्याचे ब्लॉक, आणि तोच कागद चार वेळा मशीनमधून. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. दोन छपायांच्या मध्ये कागद वाळायला हवा आणि हवेतला दमटपणा बदलला की कागद ताणतो किंवा आखडतो. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ छापायचं कधी, तर पावसाळ्यात! ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणून ओठांचा लाल ओठांबाहेर जातो, कुंकू भुवईत शिरतं. "रजिस्टर सुटलं" म्हणायचो आम्ही. मालक शिव्या द्यायचे, आता तुम्ही त्यालाच विंटेज म्हणता.

भिंगाखाली ब्लॉकचा ठिपका कसा ओळखायचा: कडेला शाई दाट, मध्ये फिकट. धातू कागदावर दाबला जातो तेव्हा शाई कडेला ढकलली जाते. ऑफसेटचा ठिपका सपाट असतो. ब्लॉकच्या छपाईत अक्षरांच्या मागून तिरप्या उजेडात बोट फिरवलं तर उठावही लागतो.

दलाल आणि मुळगावकर यांच्यात भांडण लावायचं काम आमच्या छापखान्यात रोज चालायचं. दलालांची रेघ. ब्लॉक कितीही वाईट झाला, रजिस्टर कितीही सुटलं, तरी रेघ चित्र सांभाळून घेते. मुळगावकर स्प्रेनं काम करायचे, कांती अशी धुक्यासारखी उतरत जाणारी, तिथं रेघच नाही. तो ब्लॉक जमला तर स्वर्ग, चुकला तर चेहऱ्यावर देवीचे व्रण. म्हणून मुळगावकरांचं चांगलं छापलेलं मुखपृष्ठ दिसलं की मी त्या अनाम मशीनमनला मनात नमस्कार करतो.

ओवी | ५ जून, रात्री १०:०१

छपाईबद्दल वाचायला मजा आली, पण एक खुसपट काढतेच. त्या काळच्या मुखपृष्ठांवरच्या बायका कधी काही करतात का हो? दिवा धरतात, फूल धरतात, मागे वळून बघतात. एवढी चकली-करंज्यांची दिवाळी, एकीच्याही हाताला पीठ नाही.

खिळेजुळारी | ५ जून, रात्री १०:१५

पीठ छापायला पाचवा ब्लॉक लागला असता, ताई.

ओवी | ५ जून, रात्री १०:१९

हे मात्र मान्य :) पण नारायणपेठींच्या ढिगात 'स्त्री'चे सुटे अंक आहेत, ते या दिवाळी सुंदऱ्यांशेजारी लावून बघा. १९३० पासूनचं मासिक, किर्लोस्करांचंच. पुढे विद्या बाळ तिथं संपादक होत्या, मग त्यांनी १९८९ ला पुण्यातून 'मिळून साऱ्याजणी' काढलं. नुसती मुखपृष्ठं सालवार मांडली तरी मराठी बाई कुठून कुठं गेली ते दिसतं. आठशे रुपयांचा हिशेब करणाऱ्याला ते दिसणार नाही, कारण तो 'स्त्री' घेणारच नाही. नथ नाही ना.

नारायणपेठी | ६ जून, सकाळी ८:३०

खरंच! त्यानं 'स्त्री' आणि 'चांदोबा' बाजूला काढून ठेवले होते, "हे चालत नाहीत" म्हणून.

रविवारचाबाजार | ६ जून, सकाळी ११:४५

'चांदोबा' चालत नाही?! आतला विक्रम-वेताळ चित्रकार शंकर यांच्या हातचा आहे, तो माणूस आठशे परत द्यायला येईल तेव्हा मला बोलवा.

भिंतवाले, तुमच्या मुद्द्यावर. माझं म्हणणं भावनेचं नाही, व्यवहाराचं आहे. कापलेल्या मुखपृष्ठाची ओळख मरते. साल कधी वर असतं, कधी नसतं. सही असते, पण अंक कुठला, किंमत किती, छापलं कुठं, हे सगळं आत. अनुक्रमणिकेच्या पानावर "मुखपृष्ठ : अमुक" अशी ओळ असते. सही नसलेल्या चित्राचा चित्रकार फक्त त्या ओळीत जिवंत असतो. दलाल-मुळगावकर यांची नावं राहतील हो, पण वर्षाला एखादंच मुखपृष्ठ काढणारे कितीतरी चित्रकार होते, त्यांचं काय? शिवाय मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ बहुतेक वेळा एकच कागद असतो, कण्यावरून वळवलेला. कापलंत की अर्धा कागद फेकलात. मलपृष्ठावरची साबणाची, चहाची जाहिरात हीसुद्धा कोणा चित्रकारानंच काढलेली असते.

दुसरं, फसवणूक. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी दलालांचं एक सुटं मुखपृष्ठ तीन हजाराला घेतलं. कागद जुनाच होता, चहाच्या पाण्यात बुडवलेला नव्हता. घरी येऊन भिंग लावलं. ठिपक्यांच्या जाळीवर दुसरी जाळी, आणि काळी अक्षरं चकचकीत. जुन्या अंकाच्या कोऱ्या पानावर लेझर प्रिंट मारलेली. अख्खा अंक असता तर असं करता आलं नसतं. तेव्हापासून सुटं मुखपृष्ठ घेत नाही.

भिंतवाला | ६ जून, दुपारी १२:३०

चित्रकाराच्या नावाचा मुद्दा पोचला. माझ्या चारपैकी एकावर सही नाही आणि ते कोणाचं हे मला आजवर कळलेलं नाही. पण माझीही बाजू ऐका, दोन अंक आतून वाळवीनं चाळणी झाले होते, फक्त मुखपृष्ठं वाचली होती. ते कापलेत हे पाप मी मानत नाही.

टिपकागद | ६ जून, दुपारी २:१०

तसे असतील तर मीही सुटी ठेवते. पण भिंतीवर अस्सल मुखपृष्ठ लावू नका, एवढं ऐका. दुकानाच्या काचेतली जुनी पोस्टरं निळी पडलेली पाहिली असतील. उन्हात आधी पिवळा आणि लाल जातो, निळा-काळा राहतो. तुमच्या मुळगावकरांची बाई पाच-सात वर्षांत आजारी दिसायला लागेल. सहाशे डीपीआयला स्कॅन करा, मॅट कागदावर प्रिंट काढा, ती लावा. कोणाला फरक कळत नाही.

लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे फोल्डर पीव्हीसीचे असतात, ते शाईला चिकटतात. पॉलिस्टरचे पाकीट घ्या. अंक उभे नाही, आडवे ठेवा, फार थर नकोत. पिना गंजल्या असतील तर मागून सरळ करून काढा, ओढू नका. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला आम्लरहित कागद घाला, नाहीतर आतल्या न्यूजप्रिंटचा पिवळेपणा तिथं उतरतो. आणि पावसाळा तोंडावर आहे, ट्रंका भिंतीला टेकवू नका.

वकीलसाहेबा | ६ जून, दुपारी ४:२५

स्कॅनचा विषय निघाला म्हणून. घरच्या भिंतीसाठी एक प्रिंट काढणं वेगळं आणि कॅफेंना प्रिंट विकणं वेगळं. आपल्याकडे चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. दलाल १९७१ ला गेले, म्हणजे २०३१ अखेर. मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६ अखेर. हक्क वारसांकडे की प्रकाशकाकडे हे त्या वेळच्या करारावर ठरतं, पण तुमच्याकडे नाही हे नक्की. ट्रंक तुमची, चित्र तुमचं नाही.

दीडशहाणा | ६ जून, दुपारी ४:४०

म्हणजे २०३२ ला धागा वर काढतो.

कोथरूडकर | ६ जून, रात्री ८:५५

अवांतर: ज्यांना ट्रंका सापडलेल्या नाहीत त्यांच्यासाठी, बालभारतीनं 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट ठेवले आहेत. मुखपृष्ठांसकट! मुलीला दाखवायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. मुलगी साडेनऊलाच झोपली होती.

नारायणपेठी | २३ जून, रात्री ९:५०

उशिरा लिहितोय, वाड्याची धावपळ होती.

टिपकागद, तुमच्या पद्धतीनं ६३ पैकी ४४ अंक मोकळे केले. रोज रात्री जेवणानंतर तीन-चार, डायनिंग टेबलावर. अकरांवर पांढरा डिंक आहे, ते तसेच ठेवलेत. सात चिकटलेल्या पानांचे, त्यांनाही हात लावला नाही. एक बिघडवला, कबूल करतो. मुखपृष्ठावर बाईच्या गालापाशीच शिक्का होता, मला वाटलं कोरडा कोपरा पुरेसा लांब आहे. जांभळा ओघळ गालावरून हनुवटीपर्यंत आला. बायको म्हणाली, रडवलीत ना तिला. तो अंक मी वेगळा ठेवलाय.

'आवाज'च्या दोन अंकांच्या खिडक्या (झडप उघडली की आत दुसरं चित्र) शाबूत निघाल्या. एकेक खिडकी उघडताना आत्या आधीच सांगत होती आत काय आहे ते.

कॅफेवाल्या गृहस्थांना नाही कळवलं. भिंतवाले, तुमच्यासाठी एका 'दीपावली'चं स्कॅन व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय, चित्राची धाटणी बघा, तुमच्या बिननावाच्या चित्राशी जुळतेय का.

आणि एक. खाकी कागदांच्या आतल्या बाजूला तारखांच्या पट्ट्या आहेत, सभासद नंबर आणि परत केल्याची तारीख. १९४६ ते १९५८ सलग 'दीपावली' आहेत, फक्त १९५२ चा नाही. वाचनालयाच्या नोंदवहीत तो अंक ११४ नंबरच्या सभासदाकडे गेलाय आणि परत आल्याची नोंद नाही. आत्याला सहज विचारलं, ११४ कोण गं? क्षणात म्हणाली, "समोरच्या वाड्यातल्या मास्तरीणबाई. आवडलेला अंक परतच करायच्या नाहीत, म्हणायच्या हरवला, आणि डिपॉझिट कापून घ्या."

रविवारचाबाजार | २३ जून, रात्री ९:५८

त्यांच्या घरचे कोणी आहेत का अजून तिथं??

नारायणपेठी | २३ जून, रात्री १०:०६

नात आहे, सदाशिव पेठेत राहते. आत्यानं नंबर शोधून ठेवलाय. उद्या सकाळी स्वतः फोन करणार म्हणते. दंड किती झाला असेल याचा हिशेब करायला मला पाटी-पेन्सिल मागितली.